हायवेवरचा मका

वाळत्या मक्याला आवाज असतो, हे देवळाली कॅम्पात कुणाला सांगून पटत नाही. इथे आवाज म्हणजे सरावाच्या तोफांचा. कपाटातल्या कपबश्या वाजतात आणि वर्गातली मुलं मानसुद्धा वर करत नाहीत. पण आश्विन लागला, पाऊस एकदाचा गेला, दुपारचं ऊन पाठीला चावायला लागलं, की माझ्या कानात वेगळाच आवाज सुरू होतो. पसरलेल्या मक्यातून अनवाणी पाय ओढत सऱ्या पाडत गेलं की दाणे एकमेकांवर घसरतात, तो. मका ओला असतो तेव्हा हा आवाज दबका येतो. मग उन्हं लागत जातात तसा तो मोकळा होतो, खुळखुळायला लागतो. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, मका स्वतःच सांगतो वाळलो म्हणून. मला तो कधी काही बोलला नाही, पण त्याच्यातून चालायला मला फार आवडायचं.

त्या वर्षी मी ज्या मक्यातून चालले तो शेतात नव्हता आणि खळ्यातही नव्हता. तो भर हायवेवर होता.

आमचं गाव सटाण्याकडे जाणाऱ्या हायवेला अगदी चिकटून. अंगण संपलं की डांबर सुरू. लहानपणापासून आम्ही कांद्याच्या ट्रकांच्या आवाजात अभ्यास केला आणि एसटीच्या हॉर्नवर जेवणाच्या वेळा ठरवल्या. गावापुढे थोड्या अंतरावर नदी आणि नदीवर जुना पूल. त्याच्या आदल्या वर्षी परतीच्या पावसात असं वादळ झालं, की नदीने तो पूल मधोमध तोडून नेला. सकाळी अख्खं गाव काठावर उभं राहून बघत होतं. पुलाची दोन टोकं दोन काठांवर आणि मधून गढूळ पाणी आरामात चाललेलं. मग उन्हाळ्यात नदीच्या पात्रातून मातीचा वळणरस्ता केला. त्या वर्षीच्या आषाढात पहिल्याच पुराने तोही गेला. नवा पूल शेजारी उभा राहत होता, पण तो तयार होईपर्यंत सगळ्या गाड्या लांबच्या फेऱ्याने वळवल्या आणि आमच्या दारातला हायवे मुका झाला.

त्या शांततेची आधी भीती वाटली. पहिले काही दिवस दादांना झोपच लागेना. ट्रक नाही म्हणून झोप नाही, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग हळूहळू गावाने रस्ता ताब्यात घेतला. पोरांनी पांढऱ्या पट्ट्यावर क्रिकेटची क्रीज आखली. कुत्री बरोबर मधोमध झोपायला लागली. बायका पाण्याला जाताना हातात हात घालून रस्ताभर पसरून चालायला लागल्या. समोर रशीदभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. टायर आहेत, हवा भरायचं मशीन आहे, गिऱ्हाईक नाही. त्यांनी जुन्या टायरांमध्ये माती भरून कोथिंबीर लावली. “काय करू ताई, गाड्या येईनात, निदान चटणी तरी होईल,” असं म्हणायचे.

मी तेव्हा देवळालीच्या शाळेतून रजा काढून गावी आले होते, कारण श्रावणात अंगणातल्या शेवाळावर घसरून आईचा पाय मोडला होता. पण आईचं खरं दुखणं पाय नव्हतं. खरं दुखणं नदीच्या पलीकडे होतं.

माझी धाकटी बहीण रूपा पलीकडच्या बाजूला, सटाण्याजवळच्या गावात दिलेली. पूल असताना तासाभराची वाट. तिला दिवस गेले आणि आईने तयारी सुरू केली. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे विचारायचं काही नसतंच. आईने बाजेला नवी सुतळी ओढून घेतली. जुन्या नऊवारीची मऊ दुपटी शिवली. डिंक, खारीक, आळीव असं सगळं डब्यांत भरून झालं. सातव्या महिन्यात रूपाला आणायचं ठरलं आणि बरोबर त्याच आठवड्यात वळणरस्ता वाहून गेला. फेऱ्याचा रस्ता खड्ड्यांचा, घाटाचा. डॉक्टरांनी रूपाला एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं. मग आईचा पाय मोडला. भाद्रपदात रूपाला मुलगी झाली, ती सासरीच.

विहीणबाईंचा फोन आला. “काही काळजी करू नका, पोर बेस शे.” आई फोनवर हसली, आनंद झाला म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. बाज रिकामीच होती. तिच्यावर कुणी बसलेलं आईला चालेना. मीही एकदा टेकले तर म्हणाली, “ऊठ. ती बाळंतिणीची हाय.”

नात दिसायची ती मोबाइलवर. रेंज मिळाली तर. आई ओट्यावर बसून फोन लांब धरायची, आणि चेहरा दिसला रे दिसला की न राहवून पडद्यावरूनच बाळाच्या गालावरून बोट फिरवायची. त्याबरोबर फोन कट. मी कितीदा समजावलं, बोट लावू नको. ती हो म्हणायची आणि पुन्हा बोट लावायची. गेला फोन की माझ्यावरच चिडायची, तुझाच मोबाइल खराब म्हणून.

तर आईची सगळी आशा नव्या पुलावर. तो दिवाळीआधी सुरू झाला तर रूपा बाळाला घेऊन दिवाळीला येणार होती. नाही झाला तर कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि त्याच घरात, त्याच ओट्यावर, दादांना पूल दिवाळीनंतर हवा होता.

कारण मका. त्या वर्षी पाऊस जाता जाता रेंगाळला आणि मका ओलाच काढावा लागला. खळ्यात अजून चिखल. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की एवढा तापलेला, कोरडा, सपाट हायवे दारात मोकळा पडलाय. बघता बघता गावापासून नदीपर्यंत हायवे पिवळा झाला. प्रत्येकाने आपापल्या दारासमोरचा तुकडा धरला. कडेला दगड, रशीदभाईंचे जुने टायर, मध्ये मका. दिवसभर पायांनी उलथायचा, संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकायची, सकाळी दव उडालं की पुन्हा पसरायचा. दादांनी तर कमाल केली. मका टाकायच्या आधी त्यांनी डांबरावर चक्क शेणाचा सडा घातला. खळं म्हटलं की सारवायचं, हे हाताला इतकं ठाऊक, की खाली डांबर आहे हे लक्षातच आलं नाही. सगळा गाव हसला. दादा म्हणाले, “हसा. धान्याला कळतं, कुठं मान हाय ते.” दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी गुपचूप सडा घातला.

ते दिवस आठवले की मला अजून तळपायाला ऊब जाणवते. सकाळचा थंड मका, दुपारी भाजणारा, आणि संध्याकाळी ढीग करताना आतून आलेली वाफ. कणसाच्या फोलपटांचा गोडसर वास अंगाला, केसांना. साळुंक्यांचे थवे. मी आणि दादा सऱ्या ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचो, वळायचो, परत यायचो. बोलणं फारसं नसायचं. माझ्या लग्नानंतर दादांच्या बरोबरीने इतका वेळ मी कधी चालले नव्हते. नंतरही नाही. दादा आता नाहीत, म्हणून हे लिहिताना त्या रिकाम्या हायवेचं मला फार अप्रूप वाटतं. पूल शाबूत असता तर हे चालणं मला मिळालंच नसतं.

पुलाच्या कामावर एक तरुण इंजिनियर मॅडम होत्या. ओढणी डोक्याला बांधून वर हेल्मेट घालायच्या. आई त्यांना ओट्यावर बोलवायची, आलं घालून चहा द्यायची आणि विचारायची, “मॅडम, जरा लवकर नाय का होणार? नात बघायचीय हो.” मॅडम चहा पिऊन रस्त्यावर उतरल्या की दादा त्यांना गाठायचे. “मॅडम, घाई करू नका. पुलाचं काम हाय, लय जपून करा. सिमेंटला चांगलं मुरू द्या.” आणि माझ्याकडे वळून, “ताई, मॅडमला चहा आण.” त्या बिचारीने एकाच घरात, एकाच चुलीवरचा चहा दोन उलट्या मागण्यांसाठी किती दिवस प्यायला असेल. एकदा मला म्हणाल्या, “तुमच्याकडे आधी ठरवा ना एकदा, काय पाहिजे ते.”

घरात तर उघड लढाई. आई ओट्यावरून ओरडायची, “रस्ता माणसांसाठी असतो, मक्यासाठी नाय!”

दादा खालून म्हणायचे, “मका काय माणसं खात नाय का?”

“तुम्हाला नातीपेक्षा मका लाडका.”

“नात पुढच्या महिन्यात बी तेवढीच गोड राहील. मका बुरसला तर काय करू?”

यावर आई आणखीच चिडायची. तिला राग यायचा तो दादांचं चुकत होतं म्हणून नव्हे, बरोबर होतं म्हणून. लहान बाळ एका महिन्यात केवढं बदलतं, हे मात्र दादांना कुणीच सांगितलं नाही. आई ते मला रोज सांगायची. “जावळ गेलं असंल आता तिचं. नजर धरायला लागली असंल.” आज आई माझ्याकडे देवळालीत असते. मी हे भांडण काढलं की साफ नाकबूल करते. “मी मक्याला कधी बोलले? मक्याला कुणी बोलतं का?” असं म्हणून मलाच खोटं पाडते.

पूल दिवाळीनंतर, असं जवळजवळ ठरलं होतं. मग अचानक वरून हुकूम आला की सणाची गर्दी सुरू व्हायच्या आत रस्ता खुला करायचा. मॅडम घाईघाईने आल्या आणि चहा न घेताच म्हणाल्या, “काका, परवा सकाळी गाड्या सोडणार. मका उचला.”

दादा म्हणाले, “अजून दोन-तीन उन्हं तरी द्या.”

“माझ्या हातात नाही हो काका.”

ओट्यावर आईने तोंडाला पदर लावला होता. तिला हसू आवरेना आणि दादांचा चेहरा बघून हसवेना. ती चटकन आत गेली. म्हणजे वॉकरने जेवढं चटकन जाता येतं तेवढं.

दुसऱ्या दिवशी हायवेवर जी धांदल उडाली ती लग्नघरातही उडत नाही. घमेली, सुपं, खराटे, गोण्या. पोरांना शाळेतून बोलावून आणलं. ज्यांचा मका वाळला होता ते भरत होते, ज्यांचा नव्हता ते शिव्या देत भरत होते. त्यातच पट्टे मारणारी माणसं आली. ती पांढरा पट्टा मारत आमच्या दारापर्यंत पोचली आणि थांबली, कारण दादा मका उचलायला तयार नव्हते. आमचा मका सगळ्यांत उशिरा पसरलेला, सगळ्यांत ओला. दादांनी अर्धा रस्ता मोकळा केला, पण आमच्या अंगणाकडच्या अर्ध्यावर मका तसाच ठेवला आणि कडेला टायर उभे केले. म्हणाले, “गाडीला एक बाजू बास. मला उद्याचं एक ऊन घेऊ द्या.” पट्टेवाल्यांनी मक्याला वळसा घातला आणि पुढे निघून गेले. आमच्या दारासमोरचा तो तुटका पट्टा नंतर कितीतरी वर्षं तसाच होता.

सकाळी पुलाच्या पलीकडच्या टोकाला मंडप, नारळ, भाषण वगैरे झालं असावं. आम्हाला फक्त टाळ्या ऐकू आल्या. मग मोटारसायकली आल्या. मग झेंडूचा हार घातलेली एसटी आली आणि कुत्री इतकी गोंधळली, की उठायचं कशाला हेच त्यांना कळेना. रशीदभाई खांद्यावरचा लाल रुमाल हलवत एकेक गाडी मक्याच्या कडेने सोडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं, की जणू पूल त्यांनीच बांधला. आणि दादा त्याही परिस्थितीत सऱ्या ओढत होते.

तेवढ्यात जावईबापूंची जीप आली आणि आमच्या दारासमोर उभी राहिली. उरलेला अर्धा रस्ताही बंद. मागे ट्रक, टेम्पो, गाड्या, हॉर्नवर हॉर्न. रूपा उतरली. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ.

आई अंगणात होती. आई आणि जीप यांच्या मध्ये अर्धा हायवे भरून मका. वळसा घालून जायला टायरांच्या पलीकडून जावं लागलं असतं. श्रावणापासून अंगण न ओलांडलेली आई वॉकर तिथेच सोडून काठी टेकत निघाली ती सरळ. मक्याच्या कडेला आली, थांबली. मला वाटलं, पाय दुखला. पण तिने चपला काढल्या. इतक्या घाईत, इतक्या आवाजात, धान्यावर चप्पल घालून जायचं नाही हे ती विसरली नाही. मग अनवाणी पाऊल तिने मक्यात घातलं.

“अगं, घसरशील!” दादा ओरडले. गोल दाण्यांवरून चालणं साध्या पायालाही अवघड, तिचा तर नुकता जुळलेला. दादा हातातलं टाकून धावले, तिचा हात धरला आणि दोघं त्या ओल्या मक्यातून, आवाज करत, हळूहळू पलीकडे गेली. त्या दोघांना हात धरून चालताना मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मागचा ट्रकवाला खाली उतरून आला. “क्या हुआ? गाडी क्यों रोकी?”

रशीदभाईंनी त्याला रुमालानेच थोपवलं. “दो मिनिट रुक भाई. आजी नात बघतीये.”

ट्रकवाला थांबला. त्यानेही मान उंच करून बघितलं.

आईने बाळाला घेतलं. पहिल्यांदा तिने काय केलं असेल, तर गालावरून बोट फिरवलं. फिरवलं आणि थांबली, जणू पुन्हा काहीतरी बंद पडणार आहे. मग परत फिरवलं. बाळ तिच्याकडे बघत होतं. आई रडली नाही. रडले मी आणि रूपा, आणि कारण नसताना जावईबापू.

दादा म्हणाले, “दे इकडं. पाय लागू दे तिचे मक्याला आधी.” त्यांनी नातीला अलगद खाली धरलं आणि तिची पावलं मक्याला टेकवली. एवढीशी पावलं. तिने बोटं आखडली, दाणा रुतला असावा, आणि तोंड वाकडं केलं. दादांनी तिला उचलून खांद्याशी धरलं आणि अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांना हाक दिली, “भरा रे आता!”

अर्ध्या तासात मका उचलला. ओलाच. पुढे काही गोण्यांना बुरशी धरली. त्या दादांनी कुणाला न दाखवता उकिरड्यावर नेऊन रिकाम्या केल्या.

मग दिवाळी झाली. बाजेवर शेवटी बाळंतीण बसली. आईने आळीवाची खीर करून करून रूपाचा जीव नकोसा केला. बाळाला तेल लावताना ती जे गाणं म्हणायची ते माझ्यासाठीही म्हटलं असणार, पण मला आठवत नव्हतं. त्या वेळी मी ते मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. हायवेवर आता रात्रंदिवस गाड्या होत्या. आवाजाने बाळ दचकायचं, आणि दादा गाढ झोपायचे.

आईने मनात धरलं होतं, रूपा संक्रांतीपर्यंत राहील. बाळंतपण हुकलं ते असं भरून काढायचं. पण भाऊबीज होताच विहीणबाईंचा फोन आला. “आते पूल व्हयी गया ना, विहीणबाई. कवयबी या. काय दूर शे?” म्हणजे आता रूपाला पाठवा, तुम्ही कधीही या. त्यात वाईट काहीच नव्हतं. त्या खरंच बोलत होत्या. वाट अवघड होती तेव्हा आलेलं माणूस राहायचं, कारण परत जायचं म्हणजे केवढी यातायात. आता तासाभराची वाट झाली होती. तासाभराच्या वाटेवर महिना-दोन महिने राहायचं, हे कुणाला सांगून पटणार? हल्ली रूपा आईला भेटायला देवळालीला येते ती सकाळी, आणि दिवेलागणीच्या आत घरी. गाडीची किल्ली ती हातातच ठेवते. आई तिला दरवेळी विचारते, “बसायला आलीस का निघायला?” रूपा हसते. नात आता उंच झालीय. ती आजीच्या पाया पडून मोबाइलमध्ये डोकं घालते.

भाऊबीजेनंतर रूपा निघाली त्या दिवशी जीप सकाळीच आली. आईने लाडवांचा डबा दिला, दुपटी दिली, बाळाच्या कानामागे काजळाचा ठिपका लावला. रूपा रडत रडत बसली आणि जीप नव्या पुलावर चढली. कठड्याचा पांढरा रंग अजून वास मारत होता. आई काठी टेकून रस्त्याच्या कडेला उभी. डांबरावर टायरांखाली चिरडलेल्या दाण्यांचं पीठ झालेलं होतं, त्यावरून गाड्या जात होत्या. जीप पलीकडे उतरली, दिसेनाशी झाली, तरी आई हलेना.

दादा जवळ गेले. “चल आत. भाऊबीज झाली, आता जाणारच की ती.”

आईने पुलाकडेच बघत विचारलं, “गोण्या कुठं ठेवल्यात?”

“कसल्या गोण्या?”

“मक्याच्या. सोडा त्या,” आई म्हणाली. “सोडा, अन् टाका सगळा मका परत रस्त्यावर.”